खुराड्याला बांधलेला फ्लेक्स : आरेतल्या एका पाड्यावरचा हिवाळा

हे प्रकरण ३८ कोंबड्यांचं आहे, आणि त्यात एक मोठी चूक माझी आहे. ती लपवून लिहिलं असतं तर लेख अर्धाच झाला असता. पाडा कुठला ते सांगत नाही. घरातल्या माणसांना इथे ताई, आजी आणि थोरला एवढंच म्हटलं आहे. पाड्यावर मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, गोरेगावात राहतो आणि बोलावलं की जातो.

पार्श्वभूमी

मुंबईकराला थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर वर्षातून चार दिवस बाहेर काढायची सबब. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, ते २२ जानेवारी १९६२ ला. अलीकडे १७ जानेवारी २०२० ला पारा ११.४ वर आला तेव्हा केवढी बातमी झाली होती! पण गोरेगावच्या आरे कॉलनीची हवा वेगळी. झाडी, उघडी गवताळ माळरानं, पाणथळ जागा आणि शेजारी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. सांताक्रूझला १५ असेल तर इथे पहाटे दोन-तीन अंश कमीच असतात. दुपारी मात्र तोच पारा ३१-३२ वर. कोंबड्यांसाठी मुंबईचा हिवाळा म्हणजे मुख्यतः हा रोजचा चढउतार.

ताईंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत. पूर्वी चार-सहा गावरान, दिवसभर मोकळ्या, रात्री डालग्याखाली. तीन वर्षांपूर्वी बचत गटाकडून कर्ज घेऊन त्यांनी जरा मोठा पसारा मांडला : गिरिराज ही सुधारित जात आणि गावरान यांच्या संकरातल्या ३४ कोंबड्या आणि चार कोंबडे. घराच्या एका भिंतीला लागून दहा बाय आठ फुटांचं खुराडं बांधलं. खाली दीड फूट विटांचं बांधकाम, वर पत्र्यापर्यंत कोंबडीजाळी, डोक्यावर सिमेंटचा नव्हे तर साधा लोखंडी पत्रा. खाली भाताच्या तुसाची गादी. बसायला लोखंडी नळीचे दोन दांडे, कारण नळी घरात पडून होती.

अंडी विकायची अडचण कधीच नव्हती. गोरेगाव-मालाडच्या सोसायट्यांमध्ये गावरान अंड्याला तेव्हा १२ रुपये सहज मिळत होते आणि थंडीत मागणी वाढते. कोंबड्यांचं गणित थोडं वेगळं. मार्गशीर्षात विक्री थंडावते, मार्गशीर्ष सुटला की ३१ डिसेंबरपर्यंत माणसं दारात येऊन उभी राहतात. म्हणजे डिसेंबर हा या घराचा कमाईचा महिना. नेमकं त्याच महिन्यात सगळं बिघडलं.

अडचण काय होती

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. रोजची २२-२३ अंडी आठवर आली होती. दोन कोंबड्या मेल्या होत्या. बाकीच्यांतल्या काही शिंकत होत्या, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस येत होता. ताई म्हणाल्या, "थंडी लागलीय त्यांना, डॉक्टर. थोरल्यानं चारी बाजूंनी बांधून पण दिलंय, तरी."

मी सकाळी अकराला पोचलो. खुराड्याच्या तिन्ही उघड्या बाजूंना निवडणुकीचा जुना फ्लेक्स, पत्र्यापासून जमिनीपर्यंत, सुतळीने ओवून घट्ट. उमेदवार हात जोडून उभा, आणि त्याच्या पोटाच्या मागून कोंबड्यांच्या शिंका. मला हसू आलं, पण आत डोकावलो आणि ते गेलं.

आत शिरल्यावर उभं राहून फारसा वास येत नाही. उकिडवं बसलो, नाक कोंबडीच्या उंचीला नेलं आणि दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. अमोनिया. विष्ठा ओली राहून कुजली की तो सुटतो. खालच्या गादीतूनच निघत असल्यामुळे कोंबडीला तो आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा जास्त मिळतो. तूस मुठीत घेऊन दाबलं. मूठ उघडली तरी गोळा तसाच. चांगलं तूस मूठ उघडताच विस्कटतं. वर पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब ओळीने लटकले होते आणि त्यांच्या खाली गादीवर काळे ओले पट्टे उमटले होते. अकरा वाजले तरी ते थेंब वाळले नव्हते.

एवढं पाणी येतं कुठून, असं थोरल्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. ३८ कोंबड्यांचं नऊ-साडेनऊ लिटर झालं. त्यातलं थोडं अंड्यात जातं, बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ही वाफ जाळीतून उडून जायला हवी. फ्लेक्सने ती कोंडली. रात्री पत्रा गार झाला की वाफ त्याच्यावर थिजते आणि पुन्हा कोंबड्यांच्या अंगावर ठिबकते. आणि दुपारी त्याच बंद खुराड्यात पत्रा तापतो. मी दोन वाजेपर्यंत मुद्दाम थांबलो. आत ३५ अंश. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. डिसेंबरात!

थोरल्याने आणखी एक उपाय केला होता. मोबाइलवर कुठल्याशा बर्फाच्या देशातला व्हिडिओ बघून त्याने सगळ्या कोंबड्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन चोपडलं होतं. तिकडे तुरा गोठून काळा पडतो हे खरं. इथे त्या व्हॅसलीनला तूस चिकटून कोंबड्या नाटकातल्या राजासारख्या दिसत होत्या, एवढंच.

पहिली भेट आणि माझी चूक

मी ताईंना समजावलं. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं, म्हणजे आपल्या हिशेबाने तिला कायम ताप. ती पिसं फुलवते, पिसांमध्ये हवा धरते, चोच पंखात खुपसते, दांड्यावर बसून पोटाची पिसं पायांवर घेते. ही तिची गोधडी. निफाडला पारा ४-५ अंशांवर उतरतो, तिथल्याही कोंबड्या जगतात. कोरड्या पिसांच्या मोठ्या कोंबडीला आरेचे १२ अंश काहीच नाहीत. पिसं ओली झाली की मात्र ती गोधडी निकामी. तेव्हा फ्लेक्स काढा, गादी बदला, हवा खेळू द्या.

ताईंनी मान डोलावली. आजी काहीच बोलल्या नाहीत. थोरला म्हणाला, "काढतो."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. अजून एक मेली, शिंका वाढल्यात. मी गेलो, तर फ्लेक्स गुंडाळून वर बांधलेला, नवं तूस घातलेलं. पण तेच तूस खालून पुन्हा ओलसर आणि वास आहेच. मला कळेना. चार दिवसांत गादी इतकी कशी भिजेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता न सांगता गेलो. अंधारात उमेदवार परत हात जोडून उभा होता, सुतळीच्या सगळ्या गाठी मारून. दिवसा उघडत होते आणि सूर्य मावळला की बांधत होते. जास्तीत जास्त वाफ आणि वास जेव्हा साठतो, नेमक्या त्याच बारा तासांत खुराडं बंद.

मी जरा चिडलोच. तेव्हा आजी ओट्यावरून म्हणाल्या, "वाघ्याला कोण सांगणार, डॉक्टर? तुम्ही?"

वाघ्या म्हणजे बिबट्या. नोव्हेंबरच्या शेवटी त्याने शेजारच्या घरचा कुत्रा नेला होता. फ्लेक्स त्या रात्रीनंतर लागला होता. कोंबड्या दिसल्याच नाहीत तर तो फिरकणार नाही, असा थोरल्याचा हिशेब. आरेत २०२१ मध्ये बिबट्याने माणसांवर हल्ले केले होते, त्यामुळे पाड्यावर या विषयात कुणी गंमत करत नाही. मग मला थंडी असं का सांगितलं? ताई ओशाळून म्हणाल्या की डॉक्टर आजार विचारत होते, बिबट्याचं काय सांगायचं.

म्हणजे मी फ्लेक्स काय करतो ते पाहिलं, तो का बांधलाय ते विचारलंच नाही. थंडी हे उत्तर माझ्याच प्रश्नात होतं. आठ दिवस गेले, एक कोंबडी गेली.

मेलेली कोंबडी परळला

तिसरी कोंबडी मेली त्या दिवशी पहिलं काम केलं ते जवळच्या सरकारी पशुवैद्यकांना कळवायचं. एकापाठोपाठ पक्षी मरत असतील तर आधी कळवायचं, नंतर अंदाज बांधायचे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून तर यात चालढकल नकोच. माझ्या मनात दुसरी भीती मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची होती. या कोंबड्या पिल्लं असताना ताईंनी त्यावरची लासोटा लस दिली होती, पुढची आठव्या आठवड्यातली राहून गेली होती.

पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून मेलेली कोंबडी शवविच्छेदनासाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची ठरली. १८८६ पासूनची संस्था आहे, मुंबईत राहून तिथे न जाणं म्हणजे काखेत कळसा. दोन पिशव्यांत बांधलेली कोंबडी, भोवती बर्फ, वर झाकणाचा डबा. गोरेगावहून प्रभादेवी, मग पूल ओलांडून परळ. डब्यात गर्दी होती आणि एका गृहस्थांनी मला आपुलकीने विचारलं, "मासे का?" मी हो म्हणालो.

निदान मानमोडीचं नव्हतं आणि फ्लूचंही नव्हतं. छातीतल्या हवेच्या पिशव्यांवर पिवळट जाड पापुद्रा, श्वासनलिकेत चिकट स्राव. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा जुना श्वसनविकार आणि त्यावर ई. कोलायचा दुसरा जंतुसंसर्ग, ज्याला कुक्कुटपालनात सगळे सीआरडी म्हणतात. हा जंतू कित्येक कळपांत गुपचूप बसलेला असतो. अमोनियाने श्वासनलिकेच्या आतले बारीक केस निकामी झाले, की त्याला रान मोकळं.

आमच्यापुढचे पर्याय

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून सगळ्यांनी मिळून विचार केला. या वेळी मी बोललो कमी.

आजींचं म्हणणं होतं, आत कोळशाची शेगडी ठेवा. मी स्पष्ट नाही म्हणालो. बंद जागेत कोळशाच्या विषारी वायूने माणसं मरतात, तिथे कोंबड्यांचं काय. शिवाय खाली तूस, ठिणगी पडली तर घरापर्यंत आग. आजी म्हणाल्या, आमच्या लहानपणी घरात चूल असायची आणि कोंबड्या त्याच खोलीत, कोण मेलं? मग त्यांनीच पुढे सांगितलं की तेव्हा कारवीचा कूड असायचा, आणि कूड आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर फट सोडलेली असायची, धूर जायला. हे वाक्य ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. अख्ख्या प्रकरणाचं उत्तर त्यात होतं.

थोरल्याला शंभर-शंभरचे चार पिवळे दिवे लावायचे होते. हिशेब केला. एक मोठी कोंबडी साधारण १० वॅटच्या दिव्याइतकी ऊब सतत बाहेर टाकते. म्हणजे ३५ कोंबड्यांची साडेतीनशे वॅटची शेगडी आत आधीच पेटलेली आहे, फुकट. त्यात चारशे वॅट ओतायचे, वायर पाड्यावरची, आणि कोंबड्यांना गरज ओल घालवायची. पर्याय बाद.

ताईंच्या मनात होतं सगळ्या विकून टाकायच्या. मार्गशीर्ष संपत आला होता, गिऱ्हाईक दारात होतं. बचत गटाचा हप्ता डोळ्यापुढे असताना हा विचार चुकीचा म्हणणं मला सोपं आहे. पण आजारी पक्षी विकणं म्हणजे आजार चार पाड्यांवर वाटणं, आणि औषध चालू केलं की मांसात-अंड्यात त्याचा अंश उतरतो. ताई दहा मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "नको. उद्या तेच लोक अंडी घ्यायला यायचेत."

चौथा पर्याय : फ्लेक्स तसाच ठेवून फक्त औषध देणं. स्वस्त आणि सोपा. पण गादी ओली ती ओलीच, महिन्याने पुन्हा हेच.

राहिला आजींच्या कुडाचा मार्ग. खालून बंद, वरून उघडं. कोंबड्या बसतात त्या उंचीला वारा लागू द्यायचा नाही, त्यांच्या डोक्यावरून मात्र तो रात्रभर वाहायला हवा. अडचण एकच, बिबट्या. आणि त्याच्याहून रोजचे पाहुणे : उदमांजर, मुंगूस, उंदीर. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवायची तिची ताकद नाही, कुत्रासुद्धा ती फाडतो.

काय केलं

पत्र्याखालची दीड फुटाची पट्टी समोरासमोरच्या दोन बाजूंना मोकळी केली. तिथे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, लाकडी चौकटीला आतून आणि बाहेरून पट्ट्या ठोकून. खिळा निसटला तरी पंजा आत जाऊ नये म्हणून. जाळी, पट्ट्या, खिळे मिळून अठराशे रुपये गेले. थोरल्याने आणि त्याच्या मित्राने एका दिवसात काम उरकलं. पट्टीखालचा सगळा भाग फ्लेक्सनेच बंद राहिला. कोंबड्या अजूनही बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे थोरल्याचं समाधान. फ्लेक्स कापताना उमेदवाराचं डोकं वेगळं निघालं, ते शेळीच्या गोठ्यावर गेलं. खुराड्यावर राहिले फक्त जोडलेले हात.

थंडीतल्या रात्रीचा वारा इथे उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूंना खाली विटांच्या फटींत गोणपाट कोंबलं. दुपारी दक्षिणेकडचा फ्लेक्स पूर्ण वर गुंडाळायचा, अंधार पडायच्या आत खाली सोडायचा.

जुनी गादी सगळी बाहेर काढली. १४ गोणी निघाल्या, त्या एका भाजीवाल्याच्या मळ्यात गेल्या. जमीन दोन दिवस उन्हात वाळवली, चुना भुरभुरला, वर चार इंच कोरडं तूस. रोज सकाळी दाताळ्याने उलथायचं. पाण्याची भांडी विटेवर उचलून ठेवली, कारण सांडपाण्याने निम्मी ओल तिथेच होत होती.

लोखंडी नळीचे दांडे काढले. लोखंड गार, गोल आणि गुळगुळीत, त्यावर बोटं आवळून बसावं लागतं आणि बोटं उघडी राहतात. त्याऐवजी तीन इंच रुंदीची लाकडी फळी, सपाट बाजू वर, अडीच फुटांवर. पहिल्या रात्री टॉर्च मारून पाहिलं, तर सगळ्या ओळीने चिकटून, पाय पोटाखाली गडप. नुसती पिसांची मोळी.

औषध पशुवैद्यकांनी लिहून दिलं तसं पाच दिवस पाण्यातून. औषध चालू असताना आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत एकही अंडं विकायचं नाही. ताईंनी शब्द पाळला, दोन आठवड्यांची अंडी खड्ड्यात गेली. दर ऐन चढलेले असताना अंडी पुरणं काय असतं ते बघायला मी तिथे होतो.

संध्याकाळी मूठभर मका, कोंबडीमागे १० ग्रॅमच्या आत. दाणा रात्रभर पोटात पचत राहतो आणि आतून ऊब देतो. पण हात सैल सोडला तर कोंबडी लठ्ठ होते आणि अंडी आणखी घटतात.

अंडी घटण्याचा सगळा दोष आजाराचा नव्हता, हेही सांगायला हवं. डिसेंबरअखेर मुंबईत दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. अंडी चांगली यायला कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. शिवाय निम्म्या कोंबड्या पिसं झाडत होत्या, आणि पिसं उगवताना अंडं मागे पडतंच. मी ९ वॅटचा एलईडी पहाटे चारला लावायला सांगितला, कारण संध्याकाळी एकदम अंधार केला तर कोंबड्या दांड्याखालीच अडकतात. पहाटे चारला चारही कोंबडे आरवले. रात्रपाळी करून आलेला शेजारी चौथ्या दिवशी दारात उभा. मग दिवा संध्याकाळी साडेसहा ते नऊ केला, आणि तो विझल्यावर ओट्यावरचा मंद दिवा अर्धा तास चालू ठेवायचा, म्हणजे त्या चाचपडत नाहीत.

पिल्लांचं वेगळं प्रकरण

या गोंधळात एक गोष्ट मला उशिरा कळली. १० डिसेंबरला ताईंनी एक दिवसाची ५० पिल्लं आणली होती, गुढीपाडव्यापर्यंत तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, तयार होतील या हिशेबाने. मोठ्या कोंबडीला थंडी सोसते असं मी इतका वेळ सांगतोय, ते पिल्लाला लागू नाही. त्याच्या अंगावर नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत आणायचं.

घरात टीव्हीच्या चौकोनी खोक्यात शंभर वॅटचा दिवा लावला होता. पिल्लामागे दोन वॅट, हिशेब बरोबर. पण थंडीत पहाटे पाड्यावर जो तो पाणी तापवायचा रॉड लावतो. एका पहाटे लाइन ट्रिप झाली, दिवा गेला, कुणाला जाग आली नाही. गारठलेली पिल्लं खोक्याच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. सकाळी १४ मेलेली निघाली, सगळी त्या कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या थरातली. गारठ्याने गेली की दबून, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. चपटी झाली होती.

खोकं फेकलं आणि पुठ्ठ्याच्या लांब पट्टीचं गोल कडं केलं. कोपराच नाही तर चेंगरायला जागा नाही. रात्री काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, जुने मोजे चढवून दोन-तीन आत ठेवायच्या. वीज गेली तरी तासभर निभावतं. पिल्लं दिव्याखाली गर्दी करतात की कडेला पळतात की सगळीकडे पसरून झोपतात, हे बघून दिवा खाली-वर करायचा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. उरलेली ३६ वाचली.

निष्पत्ती

वरची पट्टी उघडल्यावर तिसऱ्या पहाटे पत्र्याखाली थेंब नव्हते. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोन अंशच जास्त होतं, आधी चार अंश जास्त असायचं. म्हणजे आम्ही खुराडं गार केलं आणि कोंबड्या सुधारल्या. आजींना हे फार आवडलं, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

शिंका जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबल्या. एकूण सहा कोंबड्या आणि एक कोंबडा गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात २८ कोंबड्यांची रोजची अंडी १९ वर गेली. दिवस मोठा झाला, पिसं आली, औषध लागलं, हवा सुधारली. यातलं किती कशामुळे, ते वेगळं काढता येणार नाही. सगळं एकदम केलं होतं.

नफ्याचं विचाराल तर डिसेंबर बुडाला. बचत गटाने दोन हप्ते पुढे ढकलले.

बिबट्या जानेवारीत एकदा आला होता. सकाळी खुराड्याभोवती पंजे उमटले होते आणि एका चौकटीची बाहेरची पट्टी ओरबाडलेली. जाळी टिकली. त्याला वास तर आलाच असणार. तो फ्लेक्सने कधीच अडला नव्हता, ही गोष्ट थोरल्याने अजून मान्य केलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी मी पहाटे जायला हवं होतं. कोंबड्यांचा हिवाळा पहाटे चार ते सहामध्ये असतो, आणि आपण जातो चहा-नाश्ता करून. आणि "हे का बांधलंय?" हा प्रश्न उमेदवाराचा फोटो बघून हसण्याआधी विचारायचा होता.

आठव्या आठवड्याची लस राहिली होती, ती पाड्यावर आणखी तीन घरांत राहिल्याचं नंतर निघालं. मानमोडी असती तर जाळी आणि तूस काही कामाला आलं नसतं, खुराडं रिकामं झालं असतं. तो नशिबाचा भाग.

पिल्लं डिसेंबरात आणायची नव्हती. सप्टेंबरअखेर आणली असती तर थंडी पडेपर्यंत अंगावर पिसं आली असती आणि दिव्याची कटकट नसती. ताई म्हणतात सप्टेंबरात हातात पैसे नव्हते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट अर्धवटच राहिली. सीआरडीतून बरी झालेली कोंबडी जंतू बाळगून असते आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणून या कोंबड्यांची अंडी उबवायला बसवू नका असं मी सांगितलं होतं. फेब्रुवारीत दोन कोंबड्या खुडूक झाल्या. ताईंनी पलीकडच्या पाड्यावरून अंडी आणून त्यांच्याखाली घातली, म्हणजे माझं ऐकलं. पण बसल्या त्या याच कोंबड्या, आणि पिल्लं वाढणार त्यांच्याच पंखाखाली. हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. नंतर त्यातली काही शिंकली.

पत्रा तसाच आहे. यंदा ऑक्टोबरात थोरल्याचा फोन आला. आजी म्हणतात पत्र्याखाली पेंढ्याचा थर बांधा, म्हणजे थेंबही नकोत आणि दुपारचा तापही नको. आजींचं बरोबर आहे. थोरला म्हणतो पेंढा म्हटला की उंदीर, आणि उंदीर आले की मागोमाग साप. त्याचंही बरोबर आहे. वरून पत्र्यावर घातला तर माकडं ठेवणार नाहीत. रविवारी जातोय, पहाटे.